एका मायक्रोसेकंदाची उसंत

मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, मरतो तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. वाळकी काटकी पायाखाली मोडावी तसा एक ‘टक्’, पाठोपाठ धुराची बारीक रेघ आणि मग तो वास. जळक्या एपॉक्सीचा वास एकदा नाकात बसला की दुसऱ्या दिवशीही खोलीत शिरताना जाणवतो. भिंग घेऊन पाहिलं तेव्हा त्या काळ्या अंगावर केसाएवढी चीर दिसली. मल्टिमीटरची टोकं ड्रेनला आणि सोर्सला, म्हणजे त्या स्विचच्या दोन बाजूंना लावली, तर मीटर एकसुरी वाजतच राहिला. उघडबंद व्हायला म्हणून जो दरवाजा बसवला होता, त्याच्या जागी आता भिंतीला नुसतं भोक उरलं होतं.

त्याआधी ती मोटर चाळीस मिनिटं विनातक्रार चालली होती. २४ व्होल्टची ब्रशवाली डीसी मोटर, चार आयआरएफ३२०५ मॉस्फेट, त्यांच्यामागे त्यांना उघडबंद करणारा गेट ड्रायव्हर आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा, १६ मेगाहर्ट्झवर चालणारा एटीमेगा३२८ मायक्रोकंट्रोलर. वेग कमीजास्त करायला एक जॉयस्टिक. त्या चाळीस मिनिटांतला बराचसा वेळ मी ब्रेक मारून पाहण्यात घालवला होता, कारण धोका असलाच तर तो थांबण्यात असेल असं माझ्या मनाने घेतलं होतं. ब्रेक निर्धोक लागत होते. शेवटी, आता उठायचं म्हणून दांडी जरा झटक्यात पुढे ढकलली आणि टक्.

पॉवर सप्लायला ३ अँपिअरची मर्यादा घालून ठेवली होती. तिचा काहीच उपयोग झाला नाही, आणि का झाला नाही हे कळायलाही वेळ गेला. त्या चार मॉस्फेटच्या जुळणीच्या, म्हणजे एच-ब्रिजच्या, अगदी शेजारी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. सप्लायची मर्यादा सप्लायपुरती. कपॅसिटरमध्ये आधीच भरून ठेवलेल्या विजेला ती कुठून लागू होणार?

ज्यांनी एच-ब्रिज कधी हाताळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्रजी ‘एच’ डोळ्यांसमोर आणा. मधली आडवी रेघ म्हणजे मोटर. दोन्ही उभ्या पायांवर दोन-दोन स्विच, एक वरचा आणि एक खालचा. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा चालू केला की करंट मोटरमधून एका दिशेने जातो. दुसरी तिरपी जोडी चालू केली की उलट दिशेने. खालचे दोन्ही चालू केले तर मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात आणि फिरणारी मोटर आपणच तयार केलेल्या विजेने आवळली जाते. तोच ब्रेक. या सगळ्यात एकच जोडी अशी आहे की जी कधीही, कुठल्याही कारणाने एकत्र चालू व्हायची नाही: एकाच पायावरचे वरचा आणि खालचा. ते दोघं एकदम चालू झाले की मोटर बाजूला राहते आणि २४ व्होल्ट सरळ ग्राउंडला जाऊन भिडतात. वाटेत अडवायला उरतात ते दोन मॉस्फेटचे आठ-आठ मिलिओहम. तारांचं आणि बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांचं थोडंफार इंडक्टन्स करंटला जरा आवरून धरतं, पण ते ५० नॅनोहेन्री धरलं तरी करंट दर मायक्रोसेकंदाला ४८० अँपिअरने चढतो. याला शूट-थ्रू म्हणतात. टेबलाशी बसलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

वेग बदलायचा तर मोटरला मिळणारं व्होल्टेज बदलावं लागतं. मॉस्फेट अर्धवट उघडा ठेवून ते करता येईल, पण मग उरलेलं व्होल्टेज तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि भाजून निघतो. म्हणून त्याला पूर्ण उघडायचं, पूर्ण बंद करायचं, आणि हे इतक्या भराभर करायचं की मोटरला मधले तुकडे जाणवू नयेत. मोटरच्या वेटोळ्यांना करंट एकदम बदललेला चालत नाही. १ मिलिहेन्री इंडक्टन्स आणि १ ओहम रोध असलेल्या मोटरचा करंट स्थिरावायला मिलिसेकंदाच्या घरात वेळ लागतो. एका उघडझापेचं आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचं ठेवलं, म्हणजे २० किलोहर्ट्झ, तर निम्म्या ड्यूटीला, म्हणजे आवर्तनाचा निम्मा वेळ चालू ठेवून, २४ व्होल्टवर करंट फक्त ०.३ अँपिअरने वरखाली होतो. आर्डुइनोच्या बऱ्याच पिनांवर न मागता मिळणारी ४९० हर्ट्झची पीडब्ल्यूएम, म्हणजे अशीच भराभर उघडझाप, अशा मोटरला लावली, तर एकेक आवर्तन दोन मिलिसेकंदांहून मोठं होतं. करंट प्रत्येक आवर्तनात भरपूर चढतो, भरपूर उतरतो, आणि मोटर कण्हल्यासारखा आवाज करते. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही, म्हणून बहुतेक जण तिथेच येऊन थांबतात. आणखी वर गेलं की मॉस्फेटची उघडझाप वाढते आणि प्रत्येक उघडझापेत थोडी उष्णता निघते. वारंवारतेबद्दल मला एवढंच सांगायचं आहे. माझा जीव अडकला आहे तो दुसरीकडे.

तो अडकला आहे एका पायावरच्या दोन मॉस्फेटच्या मधल्या जागेत.

मॉस्फेटचं गेट म्हणजे एक भांडं आहे. ते भरलं की मॉस्फेट चालू, रिकामं झालं की बंद. आयआरएफ३२०५ चं हे भांडं पूर्ण भरायला जास्तीत जास्त १४६ नॅनोकूलोम लागतात. ड्रायव्हर ते ०.२७ अँपिअरने उपसत असेल, तर रिकामं व्हायला ०.५४ मायक्रोसेकंद जातात. म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या पिनेवर ‘बंद’ लिहिलं गेलं तरी मॉस्फेट अर्धा मायक्रोसेकंद अजून जागा आहे. एक बंद करायचा आणि त्याच क्षणी दुसरा चालू करायचा असं कोडात कितीही नेटकं दिसलं, तरी प्रत्यक्षात दोघांची गाठ पडते. म्हणून मधे थोडा वेळ सोडतात. दोघांनाही बंद व्हायला सांगून झालेलं आहे, दोघांनाही चालू व्हायला अजून सांगितलेलं नाही. यंत्रांच्या भाषेत याला डेड टाइम म्हणतात. मला हा शब्द कधीच पटला नाही. त्या वेळात मेलेलं काहीच नसतं, उलट सगळ्यात जास्त घडामोड तेव्हाच चाललेली असते. मी मनाशी त्याला उसंत म्हणते.

उसंत मीही ठेवली होती. कशी, ते नीट सांगायला हवं, कारण चूक तिथेच होती आणि ती डोळ्यांसमोर असून दिसत नव्हती.

एटीमेगाचा टायमर१ मी असा लावला होता: मोजणी ० पासून ४०० पर्यंत चढते, मग ४०० पासून ० पर्यंत उतरते. एक पाऊल ६२.५ नॅनोसेकंदांचं, चढण-उतरण मिळून ८०० पावलं, म्हणजे ५० मायक्रोसेकंद. टायमरची दोन तुलना-रजिस्टरं आहेत, म्हणजे मोजणी ज्यांच्याशी ताडून पाहिली जाते ते आकडे ठेवायच्या जागा; त्यांना ए आणि बी म्हणू. ए वरच्या मॉस्फेटचा धनी, बी खालच्याचा. मोजणी ए च्या खाली असेल तेव्हा वरचा चालू. बी चं आउटपुट मी उलटं लावलं होतं, म्हणजे मोजणी बी च्या वर असेल तेव्हा खालचा चालू. मला हवा असलेला, वेग ठरवणारा आकडा २०० असेल तर ए मध्ये १९२ लिहायचं आणि बी मध्ये २०८. मधली १६ पावलं दोघंही बंद. १६ पावलं म्हणजे बरोबर १ मायक्रोसेकंद. अर्ध्या मायक्रोसेकंदाची गरज, एकाची सोय. कागदावर चोख.

आता दांडी झटक्यात पुढे गेली आणि हवा असलेला आकडा २०० वरून २४० झाला. ए मध्ये २३२ जायला हवं, बी मध्ये २४८. टायमर नवे आकडे मिळाल्या मिळाल्या वापरत नाही. जवळ ठेवून घेतो आणि मोजणी ४०० च्या माथ्यावर पोचली की लागू करतो. चांगली सोय आहे ती, नाहीतर चालू आवर्तनातच पल्स तुटेल. पण प्रोसेसर दोन रजिस्टरं एकदम लिहू शकत नाही. माझ्या कोडात ए ची ओळ आधी होती, बी ची नंतर. दोन ओळींच्या मधे अर्ध्या मायक्रोसेकंदाचं अंतर. त्या अर्ध्या मायक्रोसेकंदात जर मोजणी माथ्यावर आली, तर टायमर ए चा नवा आकडा उचलतो आणि बी चा जुनाच ठेवतो. पुढचं अख्खं आवर्तन ए २३२ आणि बी २०८. मोजणी २०८ ते २३२ च्या दरम्यान असताना वरचाही चालू, खालचाही चालू. २४ पावलं, म्हणजे दीड मायक्रोसेकंद. आणि एकाच आवर्तनात दोनदा, उतरताना एकदा, चढताना एकदा.

शंभर वेळा दांडी झटक्यात ढकलली तर साधारण एकदा हा योग यायचा. त्यात मोटरचं फिरणं मोजणाऱ्या एन्कोडरचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवायला लावणारी हाक, नेमका त्या दोन ओळींच्या मधे घुसला, तर मधलं अंतर वाढून ही शक्यता आणखी वाढते. दांडी सावकाश पुढे नेली तर कधीच नाही, कारण तेव्हा आकडा एकेका पावलाने सरकतो आणि १६ पावलांची उसंत तो फरक सहज पोटात घेते. आणि वेग कमी करताना तर मुळीच नाही. तेव्हा ए आधी लिहिला जातो, ए खाली सरकतो, दोघांमधली जागा उलट वाढते. म्हणून माझे ब्रेक इतके निर्धोक लागत होते. मी नेमक्या सुरक्षित बाजूला चाळीस मिनिटं खणत बसले होते.

हे सापडायला तीन दिवस लागले. तीन दिवस मी मॉस्फेटवर, ड्रायव्हरवर, सोल्डरिंगवर संशय घेतला. शेवटी पॉवर काढून टाकली, नुसते गेटचे सिग्नल ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनलना लावले, आणि कोडातल्या त्या दोन ओळींच्या मधे मुद्दाम वीस मायक्रोसेकंदांचा थांबा घातला. पडद्यावर पिवळी रेघ खाली यायच्या आत निळी वर चढलेली दिसली. एक आवर्तन तशी, आणि पुढच्या आवर्तनात पुन्हा सगळं शहाण्यासारखं. ती एक चौकट गोठवून ठेवून मी बराच वेळ नुसती बघत बसले. तीन दिवस जिच्या मागावर होते ती चूक समोर दीड चौकोनाएवढी होती.

दुरुस्ती तीन ओळींची निघाली. आकडा वाढत असेल तर आधी बी लिहायचा, मग ए. कमी होत असेल तर आधी ए, मग बी. म्हणजे ज्या मॉस्फेटला मागे सरायचं आहे त्याचं रजिस्टर आधी, ज्याला पुढे यायचं आहे त्याचं नंतर. मधे माथा आला, इंटरप्ट आला, काहीही आलं, तरी वाईटात वाईट काय होईल? एका आवर्तनापुरती उसंत थोडी लांबेल. मोटरला ते कळणारही नाही. इंटरप्ट बंद करून दोन्ही लिहावं असं पहिल्यांदा सुचतं, मलाही सुचलं होतं. पण इंटरप्ट बंद केले म्हणून टायमरची मोजणी थांबत नाही, माथा यायचा तेव्हा येतोच. क्रम बदलला की या सगळ्याची काळजीच उरत नाही. इतक्या साध्या दुरुस्तीचा मला आजही आनंद होतो.

पुढे ३२-बिटांच्या चिप्स हाती आल्या आणि हा सगळा खटाटोप हार्डवेअरने आपल्या डोक्यावर घेतला. एसटीएम३२ कुटुंबातल्या एफ१०३ चा टायमर१ मोटरच चालवायला बनवला आहे. तिथे एका पायासाठी तुलनेचा आकडा एकच असतो. टायमर त्याच्यापासून वरच्याचा सिग्नल बनवतो, खालच्याचा त्याच्या उलट बनवतो आणि दोघांच्या मधे उसंत स्वतः घालतो. ७२ मेगाहर्ट्झचं घड्याळ, चढ-उतार मोजणीचा माथा १८०० वर, की झाले २० किलोहर्ट्झ. उसंतीसाठी बीडीटीआर नावाच्या रजिस्टरात आठ बिट आहेत. तिथे ७२ लिहिलं की ७२ पावलं, म्हणजे १ मायक्रोसेकंद. दोन आकडे नसले की त्यांच्यात ताळमेळ चुकायचा प्रश्नच येत नाही.

त्याच रजिस्टरात एमओई नावाचा एक बिट आहे, आउटपुटांचा मुख्य दरवाजा. रिसेटनंतर तो बंद असतो. टायमर मोजतोय, रजिस्टरं बरोबर, पिना बरोबर, आणि तरी बाहेर शुकशुकाट, अशी संध्याकाळ या टायमरवर काम करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येते. माझ्या वाट्याला दोन आल्या. तेव्हा चिडचिड झाली, पण आता वाटतं की हा बिट मुद्दाम बंद ठेवणाऱ्याने आमचं भलं केलं. या टायमरची एक ब्रेक-इनपुट पिन असते. तिच्यावर ओव्हरकरंटचा सिग्नल आणून सोडला की गडबड झाल्याक्षणी तो दरवाजा हार्डवेअरच लावून घेतो. प्रोसेसर त्या वेळी कुठल्या लूपमध्ये अडकलाय, इंटरप्ट बंद आहेत की चालू, याची तो वाट बघत नाही. आणि लॉकचे बिट लावले की उसंतीचा आकडा पुढच्या रिसेटपर्यंत कुणालाही बदलता येत नाही, भरकटलेल्या पॉइंटरलाही. फर्मवेअर लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्याच कोडापासून यंत्राचं रक्षण करावं, ही कल्पना मला फार आवडते.

उसंतीच्या वेळात काय चालतं ते स्कोपवर पाहण्यासारखं आहे. पायाच्या मधल्या बिंदूवर, म्हणजे मोटरची तार जिथून निघते तिथे, प्रोब लावायचा. ढोबळ पाहिलं तर २४ आणि ० यांच्यामध्ये उड्या मारणारी चौकोनी लाट दिसते. तिची एकच कड मोठी करून पाहिली की शून्यावर पोचताना रेघ थेट शून्यावर बसत नाही. क्षणभर शून्याच्याही खाली जाते, अर्ध्या-पाऊण व्होल्टने, आणि मग वर येऊन टेकते. लाटेच्या तळाला दोन्ही बाजूंना असे दोन छोटे कान. ते कान म्हणजे उसंत. दोन्ही मॉस्फेट बंद आहेत, पण मोटरचा करंट काही थांबायला तयार नाही; इंडक्टन्स त्याला पुढे रेटतो आणि तो खालच्या मॉस्फेटच्या अंगातल्या डायोडमधून वाट काढतो. त्या डायोडचं व्होल्टेज म्हणजे तो खालचा उतार.

मग एकदम वेग कमी करायचा. मोटर अजून जोरात फिरतेय, तिने तयार केलेलं व्होल्टेज आता आपल्या सरासरीपेक्षा जास्त आहे, करंट उलटा वाहायला लागतो. आणि तळाचे कान नाहीसे होऊन लाटेच्या माथ्यावर उगवतात, २४ च्या वर पाऊण व्होल्ट. आता करंट वरच्या डायोडमधून सप्लायकडे परत निघालाय. करंट मोजायचं एकही यंत्र न लावता, नुसत्या उसंतीच्या आकारावरून करंट कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दांडी मागेपुढे करत ते कान वरखाली होताना पाहत राहिले. सप्लायकडे परत जाणाऱ्या या करंटला तिथे कुणी घेणारा नसेल तर कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढत जातं; ५५ व्होल्टचे मॉस्फेट २४ च्या मोटरला वापरायचे ते याच्यासाठीच.

वरच्या मॉस्फेटलाही अशीच एक सक्तीची विश्रांती लागते. त्याचा सोर्स स्वतःच २४ व्होल्टवर चढलेला असतो, म्हणून त्याचं गेट उघडं ठेवायला ३५ च्या आसपास व्होल्ट लागतात, आणि एवढे बोर्डावर कुठेच नसतात. ते बूटस्ट्रॅप कपॅसिटरमधून येतात, आणि तो कपॅसिटर भरतो खालचा मॉस्फेट चालू असताना. वरच्याला शंभर टक्के चालू ठेवलं की कपॅसिटर हळूहळू रिता होतो आणि मॉस्फेट अर्धवट उघडा राहून तापतो. म्हणून ड्यूटीला ९५ टक्क्यांच्या आसपास छत घालायचं. पूर्ण वेग मागितला तरी थोडी जागा खालच्यासाठी सोडायचीच.

आता कुणाचाच हुकूम चालू नसतो तेव्हाचं. चिप रिसेटमधून बाहेर येताना तिच्या पिना इनपुट असतात, म्हणजे अधांतरी. पॉवर आलेली आहे, मॉस्फेट तयार आहेत आणि हुकूम देणारा अजून झोपेतून उठतोय. तेवढ्या वेळात गेट कुठल्याही व्होल्टेजवर तरंगू शकतं. ड्रायव्हरच्या प्रत्येक इनपुटला १० किलोओहमचा एक रोधक ‘बंद’ बाजूला बांधून ठेवायचा तो यासाठी. कुठली बाजू ‘बंद’ हे मात्र डेटाशीट उघडून पाहायचं, कारण काही ड्रायव्हरांत खालच्याचं इनपुट उलटं असतं आणि तिथे शून्य म्हणजे चालू. कोडातही क्रम पाळायचा: आधी टायमर पूर्ण लावून घ्यायचा, उसंत लिहायची, ड्यूटी शून्य करायची, मग पिना टायमरच्या हवाली करायच्या, आणि एमओई सगळ्यात शेवटी. नमुन्याच्या बऱ्याच कोडांत पिना पहिल्या ओळीत लावलेल्या असतात. एलईडी लुकलुकवताना त्याने काही बिघडत नाही.

डीबगरचं, म्हणजे कोड मधेच थांबवून तपासायच्या साधनाचं, भान मला उशिरा आलं. ब्रेकपॉइंटवर प्रोसेसर थांबला, मी शांतपणे व्हेरिएबलं वाचत बसले, आणि शेजारी मोटर फिरतेच आहे. प्रोसेसर थांबतो, टायमर थांबत नाही. शेवटची ड्यूटी तो इमानाने पुरवत राहतो. वेगाचं नियंत्रण करणारा लूप बंद, एंड-स्टॉप, म्हणजे हद्दीवरचे स्विच, वाचणारं कुणी नाही. टायमरला प्रोसेसरबरोबर थांबायला सांगता येतं, पण पल्स वर असतानाच मोजणी गोठली तर वरचा मॉस्फेट तसाच चालू राहून मोटरला अखंड २४ व्होल्ट मिळू शकतात. काही चिप्स अशा वेळी आउटपुटही बंद करतात. आपली चिप काय करते ते मोटर न जोडता स्कोपवर बघून घ्यावं, एवढंच मी सगळ्यांना सांगते.

दोन्ही पाय सतत उलटसुलट चालवायची एक पद्धत आहे. तिच्यात ५० टक्के ड्यूटी म्हणजे मोटर उभी, त्याच्या वर पुढे, खाली मागे. शून्याजवळ तिचं नियंत्रण फार गुळगुळीत असतं आणि तिची बाजू घेणारे अनेक हुशार लोक मला माहीत आहेत. पण त्यात सिग्नलची एक तार तुटून शून्यावर पडली तर यंत्र थांबत नाही, पूर्ण वेगाने उलटं पळतं. म्हणून मी दिशेची वेगळी तार घेते आणि शून्याचा अर्थ शून्यच ठेवते.

तो मॉस्फेट जळला त्या संध्याकाळी आमच्या हार्डवेअरचं काम पाहणाऱ्या सरांनी बोर्ड हातात घेऊन विचारलं होतं, “मोटर केव्हा लावलीस?”

“पहिल्यांदाच, सर. कोड तयार होता.”

“अगं, मोटर शेवटी. आधी बल्ब लाव.”

त्यांनी खणातून ट्रकच्या मागच्या दिव्याचा बल्ब काढून दिला, २४ व्होल्ट, २१ वॅटचा. तो सप्लायच्या तारेत, ब्रिजच्या आधी ओळीने जोडायचा. तापला की त्याचा रोध सत्तावीस ओहमच्या आसपास जातो, मग कितीही गफलत झाली तरी एक अँपिअरसुद्धा पुढे सरकत नाही. शेजारचा मोठा कपॅसिटर तेवढ्यापुरता काढून ठेवायचा, नाहीतर तो बल्बच्या मागून आपला डाव साधतो. मोटर जोडलेली नसताना पीडब्ल्यूएम चालू करायची आणि फिलामेंटकडे बघायचं. वरचा-खालचा दोघं एकत्र चालू होत असतील तर करंटला जायला दुसरी वाटच नाही. दर आवर्तनाला थोडा थोडा जातो आणि बल्ब लाल होतो.

तो बल्ब अजून माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात नवा बोर्ड आला, नवे मॉस्फेट, नवा ड्रायव्हर. बल्ब जोडला, खोलीतले दिवे मालवले, उसंतीत ७२ लिहून पीडब्ल्यूएम चालू केली. फिलामेंट काळं. ड्यूटी १० टक्क्यांवरून ९५ वर एकदम उडवली, परत आणली, पुन्हा उडवली. काळंच. मग लॉकचे बिट अजून लावलेले नव्हते तोवर उसंत मुद्दाम कमी करत गेले. ६०, ५०, ४० ला काही नाही. ३० ला डोळे बारीक करून पाहावं लागलं. २४ ला काचेच्या आत लाल दोऱ्यासारखी एक रेघ दिसली, अंधार नसता तर दिसलीही नसती. तो आकडा वहीत लिहिला, तारीख घातली. उसंत परत ७२ केली, रेघ विझली. लॉक लावलं, दिवे लावले, आणि मोटरच्या तारा सोलायला घेतल्या.